साखर काढल्यानंतरचा ऊस

एक टन ऊस गाळला की महाराष्ट्रातील कारखान्यात साधारणपणे १०० ते ११५ किलो साखर तयार होते. त्याच टनातून २८० ते ३०० किलो बगॅस, ४० ते ४५ किलो मळी आणि ३० ते ४० किलो प्रेसमड बाहेर पडतो, आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याचा असतो, कारण उसाच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणीच असते. बगॅस म्हणजे रस पिळून घेतल्यावर राहणारा चोथा, ज्याला गुऱ्हाळावर चिपाड म्हणतात. मळी म्हणजे साखरेचे स्फटिक वेगळे केल्यानंतर उरणारा काळपट, दाट पाक, ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही. आणि प्रेसमड म्हणजे रस स्वच्छ करताना चुना व गंधकाच्या धुराच्या साहाय्याने खाली बसवलेला गाळ, ज्यात उसाचे मेण, बारीक तंतू, प्रथिने, फॉस्फेट आणि थोडी साखर असते. साखर कारखानदारीने अनेक दशके फक्त पहिल्या आकड्यावर, म्हणजे उताऱ्यावर, लक्ष ठेवले. बाकीच्या तीन आकड्यांना उपपदार्थ म्हटले जात असे आणि त्यांचा विचार बहुधा विल्हेवाटीच्या अंगाने होत असे. या प्रकरणाचा विषय ते तीन आकडे आणि शेतातच राहून जाणारा चौथा हा आहे.

शेतीतून, जंगलातून किंवा स्वयंपाकघरातून निघणाऱ्या सेंद्रिय अवशेषांपासून इंधन, खत, कागद, रसायने आणि प्लास्टिक तयार करून खनिज तेल व कोळशावरची भिस्त कमी करणे, याला जैवअर्थव्यवस्था म्हणतात. कच्च्या तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यात एकाच तेलाचे पेट्रोल, डिझेल, डांबर आणि प्लास्टिकचा कच्चा माल असे वेगवेगळे पदार्थ निघतात. तसेच एकाच वनस्पतीतून अनेक पदार्थ काढणाऱ्या प्रकल्पाला बायोरिफायनरी हे नाव मिळाले आहे. भारतात केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ हे जैवतंत्रज्ञानाधारित उत्पादनाचे धोरण मंजूर केल्यापासून या शब्दाला सरकारी वजनही आले. मात्र धोरण येण्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या अखेरीस प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले आणि पुढच्या काळात त्याच वाटेने राज्यभर कारखाने उभे राहिले, तेव्हाच महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात बायोरिफायनरीची पहिली आणि सर्वांत अवघड अट पूर्ण झाली होती. ती अट रसायनशास्त्राची नसून वाहतुकीची आहे.

सेंद्रिय अवशेषाचे मोल त्यातील रेणूंइतकेच तो कुठे आणि किती एकवटलेला आहे यावर ठरते. भाताचा पेंढा हजारो शेतांत विखुरलेला असतो, वजनाने हलका आणि आकाराने फुगीर असतो, आणि पुढच्या पेरणीपूर्वी तो उचलायला शेतकऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. म्हणूनच पंजाब-हरियाणात तो जाळला जातो. शहरातला ओला कचरा एकवटलेला असतो, पण त्यात प्लास्टिक, काच आणि बॅटऱ्या मिसळलेल्या असतात. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन गॅस तयार करणारा प्रकल्प चालू शकला, तो मुख्यतः त्या शहरात घरोघरी कचरा वेगळा करण्याची शिस्त आधीच लागली होती म्हणून. साखर कारखान्याला मात्र कच्चा माल गोळा करण्याचा वेगळा खर्च नाही. साखरेसाठी ऊस गव्हाणीपर्यंत आणावाच लागतो, आणि त्याच्यासोबत बगॅस, मळी व प्रेसमड एकाच आवारात, एकाच प्रतीचे, रोज ठरलेल्या प्रमाणात आपोआप जमा होतात. जगातील फार थोड्या शेतमालाला ही सोय लाभली आहे.

या तिघांपैकी बगॅस कधीच पूर्णपणे वाया गेला नाही, कारण कारखान्याच्या बॉयलरमध्ये तोच जाळला जातो. तरीही जुन्या बॉयलरची रचना पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. ते मुद्दाम कमी कार्यक्षम ठेवलेले असत, कारण बगॅस उरला तर तो टाकायचा कुठे, ही अडचण होती. बॉयलर हा वाफ निर्माण करण्याइतकाच चोथा संपवण्याचाही उपाय होता. शिल्लक विजेला गिऱ्हाईक मिळू लागल्यावर हे गणित उलटले. सुमारे २१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाच्या बॉयलरच्या जागी ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले. उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवून वीज देते आणि दाब उतरल्यावर तीच वाफ रस आटवण्यासाठी वापरली जाते, म्हणजे एकाच इंधनातून दोन कामे होतात. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज ज्या मॉरिशसमध्ये आजही राहतात, तेथील सेंट अँटोइन कारखान्याने १९५७ मध्येच बगॅसची वीज सार्वजनिक जाळ्याला दिली होती. त्या मानाने महाराष्ट्राने ही वाट बऱ्याच उशिरा धरली.

बगॅसचे इंधन म्हणून एक मोठे वैगुण्य आहे. शेवटच्या गिरणीतून तो बाहेर पडतो तेव्हा त्याच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असते, कारण तंतूंना चिकटलेली साखर धुऊन घेण्यासाठी पिळताना त्यावर गरम पाणी सोडलेले असते. पूर्ण सुक्या बगॅसच्या किलोमागे सुमारे ४,६०० किलोकॅलरी उष्णता मिळते, तर निम्म्या ओलीच्या बगॅसमधून जेमतेम २,२०० ते २,३०० किलोकॅलरी. त्यातलीही बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाऊन धुराड्यातून बाहेर पडते. धुराड्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवरच बगॅस थोडा सुकवून घेण्याची यंत्रे उपलब्ध आहेत, आणि ओल काही टक्क्यांनी उतरवली तरी तेवढ्याच उसात अधिक वाफ मिळते. हा उपाय कोणत्याही नव्या रेणूच्या शोधाइतका चमकदार नाही, म्हणून त्याची चर्चाही कमी होते.

बगॅस साठवणे हे वेगळेच प्रकरण आहे. गाळप नोव्हेंबर ते मार्च-एप्रिलपर्यंत चालते आणि वर्षाचे उरलेले महिने कारखाना थंड असतो, त्यामुळे वर्षभर चालणाऱ्या कोणत्याही उद्योगाला बगॅसचे डोंगर रचून ठेवावे लागतात. त्यात उरलेल्या साखरेवर सूक्ष्मजीव वाढतात, ढीग आतून तापतो, प्रसंगी पेट घेतो. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना बगॅसोसिस नावाचा विकार जडतो. टाकाऊ वस्तूला बाजारभाव आला म्हणजे तिची हाताळणी करणाऱ्या मजुराच्या नाकावर मास्क येतोच असे नाही, आणि हरित उद्योगाच्या कौतुकात हा मुद्दा बहुधा गळून जातो.

जाळण्याऐवजी बगॅसचा कागद करावा, हा विचार भारतात तमिळनाडूने सर्वांत गंभीरपणे घेतला. त्या राज्य सरकारने १९७९ मध्ये स्थापन केलेल्या तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स या कंपनीने करूर जिल्ह्यातील पुगळूर येथे १९८४ पासून बगॅसपासून वृत्तपत्राचा व छपाईचा कागद तयार करण्यास सुरुवात केली. बगॅसच्या गाभ्यात लांब तंतूंबरोबर स्पंजासारखा मऊ भेंडाचा अंश असतो. तो रसायने शोषून घेतो पण कागदाला बळकटी देत नाही, म्हणून आधी तो झोडपून व चाळून वेगळा करावा लागतो. कारखान्यांनी आपला बगॅस कंपनीला द्यावा, यासाठी त्यांना बॉयलरसाठी पर्यायी इंधन म्हणून कोळसा द्यावा लागला, ही त्या व्यवहारातली सर्वांत बोलकी गोष्ट आहे. झाडे वाचली, पण चोथ्याच्या जागी कोळसा जळला. कागदाच्या गुणांवर याचा परिणाम नाही आणि हा उद्योग चुकीचाही ठरत नाही, मात्र ज्या वस्तूला आधीच काम आहे तिला दुसऱ्या कामाला लावले की पहिल्या कामाची जागा कोण भरून काढणार, हा प्रश्न प्रत्येक जैवउत्पादनाला विचारावा लागतो. लग्नसमारंभांत आणि खाऊगल्ल्यांत आता सर्रास दिसणाऱ्या बगॅसच्या पांढुरक्या ताटल्या-वाट्यांनाही तो लागू आहे. लगदा साच्यात दाबून बनवलेली ही भांडी मातीत कुजतात हे खरे. पण तेलकट रस्सा झिरपू नये म्हणून काही उत्पादकांनी लगद्यात न कुजणारी फ्लोरिनयुक्त रसायने मिसळली होती, आणि अशी ताटली कंपोस्टच्या ढिगात टाकणे म्हणजे ते रसायन शेतात नेऊन पोचवणे होय.

बगॅसकडे रसायनशास्त्रज्ञ पाहतो तेव्हा त्याला तीन पदार्थ दिसतात. सुक्या बगॅसमध्ये साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज असते, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांब, घट्ट विणलेली साखळी. २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज असते, ज्यात झायलोज ही पाच कार्बन अणूंची साखर मुख्य असते. आणि २० ते २५ टक्के लिग्निन असते, जे या दोघांना एकमेकांशी सांधून उसाला उभे राहण्याचे बळ देते. सेल्युलोजची साखळी तोडली तर ग्लुकोज मिळते आणि ग्लुकोज आंबवले तर इथेनॉल, एवढे समजून शतकाहून अधिक काळ लोटला आहे. अडचण तोडण्याची आहे, कारण झाडाने ही रचना उत्क्रांतीच्या ओघात नेमकी न तुटण्यासाठीच घडवली आहे.

या कामी मिळालेल्या साधनाचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि गणवेश विलक्षण वेगाने कुजू लागले. त्यामागच्या बुरशींचा शोध घेताना सेल्युलोज फस्त करणारी एक बुरशी सापडली आणि पुढे एल्विन रीस या संशोधकाच्या सन्मानार्थ तिचे ट्रायकोडर्मा रीसाय असे नामकरण झाले. ज्या बुरशीपासून कापड कसे वाचवावे याची चिंता होती, तिचीच विकरे, म्हणजे रेणू तोडणारी प्रथिने, आज टाक्याटाक्यांनी तयार केली जातात. बगॅस किंवा पेंढा आधी सौम्य आम्ल व वाफेने उकडून लिग्निनची पकड सैल करायची, मग विकरांनी सेल्युलोजचे ग्लुकोज करायचे आणि अखेरीस ते आंबवायचे, असा हा क्रम आहे आणि त्यातून मिळणाऱ्या इंधनाला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीवर उत्तराखंडातील काशीपूर येथे दिवसाला १० टन अवशेष हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर पानिपतला उभारलेला इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला, आणि वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची आखणी आहे.

म्हणजे हिशेब टनाला १५० लिटरचा झाला. एक टन मळीतून, अगदी शेवटच्या, आणखी साखर काढणे न परवडणाऱ्या मळीतूनही, कोणतीही उकड किंवा विकरे न वापरता २२० ते २३० लिटर मिळतात. शिवाय साधे यीस्ट झायलोज खात नाही. त्यासाठी वेगळे किंवा जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव लागतात, नाहीतर बगॅसचा पाव हिस्सा हातचा जातो. भांडवल प्रचंड लागते, पेंढ्याबरोबर आलेली वाळू-माती यंत्रे झिजवते आणि विकरांचा खर्च पाठ सोडत नाही. त्यामुळे दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलची बातमी नेहमी कोनशिलेपाशी मोठी आणि ताळेबंदापाशी छोटी होते. हेमिसेल्युलोजचे इंधनच करावे असा हट्ट सोडला तर अधिक फायद्याचा एक मार्ग निघतो. आम्लात उकळल्यावर त्याचे फरफ्युरल हे रसायन बनते. अमेरिकेतील क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्येच ओटच्या फोलपटांपासून त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले होते. ओतकामातील वाळूचे साचे बांधणारी राळ आणि वंगणतेल शुद्ध करणारा द्रावक म्हणून ते आजही खपते. टनावारी इंधन करण्यापेक्षा किलोवारी रसायन करणे अनेकदा शहाणपणाचे ठरते, कारण इंधनाला शेवटी पेट्रोलच्या भावाशीच झुंजावे लागते.

मळीची कथा याहून जुनी आहे. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने देशी साखर उद्योगाला आयातकराचे संरक्षण दिले तेव्हा पाहता पाहता कारखाने वाढले आणि त्यांच्याबरोबर मळीही इतकी साठली की तिचे करायचे काय, हा उद्योगापुढचा मोठा प्रश्न झाला. पेट्रोलमध्ये मळीचा अल्कोहोल मिसळण्यासाठी १९४८ मध्येच भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा करण्यात आला होता. २००० साली तो रद्द झाला आणि पुढे काही वर्षांतच इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम नव्या नावाने सुरू झाला. कायदा रद्द होण्याआधीच्या दशकांत मळीवर एक अख्खा रसायन उद्योग उभा राहिला होता. बरेलीजवळ अल्कोहोलपासून कृत्रिम रबर बनवले जात होते. ॲसेटिक आम्ल, इथाइल ॲसिटेट यांसारखे रंग, औषधे आणि शाई यांना लागणारे पदार्थ तयार होत होते. नॅफ्थ्यावर चालणारे पेट्रोरसायन कारखाने आले, ते स्वस्त पडले आणि मळीची वाट बुजत गेली. म्हणून जैवआधारित रसायने ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडी येथे गोदावरी बायोरिफायनरीज आजही उसाच्या इथेनॉलपासून इथाइल ॲसिटेटसारखी रसायने करते आणि काशीपूरची इंडिया ग्लायकॉल्स त्यापासून पॉलिएस्टरच्या धाग्याला लागणारे ग्लायकॉल बनवते. बुजलेल्या वाटेवर टिकून राहिलेले असे मोजके वाटसरू आहेत.

इथेनॉलपासून प्लास्टिकही होते, पण येथे एक घोटाळा टाळावा लागतो. ब्राझीलमधील ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलचे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर विकते. ते जैवआधारित आहे, म्हणजे त्यातला कार्बन उसाने हवेतून घेतलेला आहे. परंतु रेणू साध्या पिशवीतल्या पॉलिथिनचाच असल्यामुळे ते कुजत नाही. याउलट साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, हे प्लास्टिक कुजू शकते, पण त्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातले सुमारे ६० अंश तापमान लागते. गटारात किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. वेष्टनावरचे हिरवे पान यांतला फरक सांगत नाही.

अल्कोहोल करणाऱ्या आसवनीतून दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे कार्बन डायऑक्साइड: आंबवताना ग्लुकोजच्या वजनाचे जवळजवळ दोन समान भाग होतात, थोडे अधिक इथेनॉल आणि थोडा कमी हा वायू, आणि तो धरून ठेवला तर शीतपेयांना व कोरड्या बर्फाला उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट मात्र साऱ्या साखरपट्ट्याला नाक दाबायला लावणारी आहे. ती म्हणजे स्पेंटवॉश, अल्कोहोल उडवून नेल्यावर उरणारे तपकिरी, आम्लधर्मी, उग्र दर्पाचे सांडपाणी. एक लिटर अल्कोहोलमागे ते ८ ते १५ लिटर निघत असे आणि त्याची रासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातील घाण विघटित व्हायला लागणारा प्राणवायू, लिटरला एक लाख मिलिग्रॅम किंवा त्याहूनही जास्त भरते, तर घरगुती मैलापाण्यात ती काही शे मिलिग्रॅम असते. ओढ्यात सोडले की मासे मरत आणि विहिरींचे पाणी लाल होई. गावकऱ्यांच्या तक्रारी, न्यायालये आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिसा यांतूनच शेवटी आसवनीबाहेर थेंबही जाऊ न देण्याचा नियम आला. या क्षेत्रातील सर्वांत चांगले तंत्रज्ञान बाजाराच्या ओढीने न येता बंदीच्या धाकाने आले, हे नमूद करायला हवे.

स्पेंटवॉशमधील घाण म्हणजे खरे तर न वापरलेले अन्नच असते. हवाबंद टाकीत जिवाणूंना ते खाऊ घातले तर मिथेन मिळतो आणि तो बॉयलरमध्ये जाळता येतो. उरलेले द्रावण प्रेसमडच्या लांबट ढिगांवर फवारले जाते, एक स्वयंचलित यंत्र ढिगावरून फिरत तो उलटापालटा करते, जिवाणूंच्या कामामुळे ढीग तापतो, पाणी उडून जाते आणि पुन्हा फवारणी होते; काही आठवड्यांनी काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचे कंपोस्ट हाती येते. पावसाळ्यात हे जमत नाही आणि जमीन पक्की नसेल तर द्रावण खाली झिरपते, म्हणून अनेक आसवन्या आता स्पेंटवॉश आटवून काकवीसारखा दाट करतात आणि खास बॉयलरमध्ये बगॅस किंवा कोळशासोबत जाळतात. त्या बॉयलरच्या राखेत उसाने जमिनीतून उचललेले पालाश एकवटलेले असते. भारतात पालाशयुक्त खत जवळजवळ पूर्णपणे आयात होते, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या राखेचे महत्त्व कळते. तिचे दाणे करून किमान १४.५ टक्के पालाश असलेले खत बनवतात, त्याला मळीजन्य पालाश म्हणतात आणि केंद्राच्या खत अनुदानात त्याचा समावेश झाला आहे. शेतातून गेलेले द्रव्य शेताकडे परतण्याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच मिळेल.

प्रेसमडला अलीकडे दुसरे स्थळ सांगून आले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘सतत’ योजनेनुसार तेल कंपन्या वाहनांसाठी दाबलेला जैववायू विकत घेतात. हवाबंद टाकीतल्या वायूत ५५ ते ६० टक्के मिथेन असतो; कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू काढून टाकून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो सीएनजीच्या जागी चालतो. ढोबळ मानाने २५ टन प्रेसमडमधून एक टन वायू मिळतो, म्हणजे दिवसाला ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या सुमारे १७५ टन प्रेसमडमधून सात टन. पूर्वी हा प्रेसमड सभासद शेतकरी ट्रॉल्या भरून नेत असत, आणि आता तो गॅसला गेला तर शेताचे काय, ही त्यांची शंका रास्त आहे. टाकीतून वायूरूपाने बाहेर जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद आणि पालाश मागे उरणाऱ्या पातळ गाळात, म्हणजे रबडीत, बहुतांश शिल्लक राहतात. म्हणून रबडी शेतापर्यंत परत पोचली तर गॅस आणि खत दोन्ही साधते. ती ओली, जड आणि वाहून न्यायला महाग असल्यामुळे प्रकल्पाच्या मागे तळ्यात पडून राहिली तर शेतकऱ्याचा तोटाच होतो, आणि असे प्रकल्प पाहताना वायूच्या टाक्यांपेक्षा आधी मागचे तळे पाहावे.

टाकाऊ वस्तूला चांगला भाव मिळू लागला की आणखी एक गोष्ट घडते: मुख्य पिकाचे हेतूच बदलू लागतात. उसाच्या पाकाचे स्फटिक कारखान्यात तीनदा काढले जातात. तिसऱ्यांदा काढून झाल्यावर उरते ती शेवटची, सी-हेवी मळी खऱ्या अर्थाने उपपदार्थ आहे. दुसऱ्या टप्प्यावर थांबवलेल्या बी-हेवी मळीत बरीच साखर शिल्लक असते. आणि थेट रसापासून इथेनॉल केले तर साखर तयारच होत नाही. २०१८-१९ पासून सरकारने या तिन्ही प्रकारच्या इथेनॉलला वेगवेगळे भाव दिले आणि रसाच्या इथेनॉलला सर्वांत जास्त. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर अलीकडे आणण्यात आले. आर्थिकदृष्ट्या याने अनेक कारखान्यांना तारले, यात वाद नाही. परंतु ७ डिसेंबर २०२३ रोजी, साखर कमी पडण्याच्या भीतीने, केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी बंदी घातली, काही दिवसांतच ती अंशतः सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली, तेव्हा या व्यवहारात अवशेष कोणता आणि अन्न कोणते हे स्पष्ट झाले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असा अंदाज दिला आहे. सी-हेवी मळीच्या इथेनॉलला हे पाणी साखरेबरोबर वाटून घेता येते. रसाच्या इथेनॉलला ते पूर्णपणे स्वतःच्या नावावर मांडावे लागते, आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या तालुक्यांच्या शेजारी ते मांडले की हरित हे विशेषण जपून वापरावे लागते.

शेवटी उरते पाचट, म्हणजे तोडणीच्या वेळी सोलून शेतात पडलेली उसाची वाळलेली पाने. हिरवे वाढे जनावरांच्या चाऱ्याला जातात. पाचट हेक्टरी ८ ते १० टन पडते आणि वर्षानुवर्षे ते पेटवून दिले गेले. आता गठ्ठे बांधणारी यंत्रे आल्यामुळे काही ठिकाणी ते बॉयलरचे इंधन म्हणून उचलले जाऊ लागले आहे आणि जाळण्यापेक्षा विकणे बरे, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तिसरा पर्याय मात्र दोन्हींहून सरस आहे. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट सरीत आच्छादन म्हणून पसरले तर ओलावा टिकतो, पाण्याच्या पाळ्या कमी लागतात, तण दबते आणि कुजल्यावर जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. पाचटात कार्बन फार आणि नत्र थोडे असल्यामुळे ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते; म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजविणारे जिवाणू टाकण्याची शिफारस केली जाते. वर्षानुवर्षे ऊस घेतलेल्या, पाण्याने खारवलेल्या आणि कर्ब हरवलेल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या जमिनींना या आच्छादनाची गरज कोणत्याही बॉयलरपेक्षा अधिक आहे. कारखान्याला इंधन कमी पडत असेल, तर त्याने आधी स्वतःच्या बगॅसमधली ओल उतरवावी. पाचटासाठी शेताच्या बांधावर येण्याचा विचार त्यानंतर करावा.